छोट्या कॅबिनेटमध्ये कस्टम लूप: किट घेण्याआधी उष्णतेचा हिशेब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नागपूरला घरूनच आर्किटेक्चरल रेंडरिंगची कामं करता. कूलर मास्टरचं एनआर२००पी कॅबिनेट आहे, म्हणजे सव्वाअठरा लिटरचा डबा. त्यात रायझन ९ ७९५०एक्स, त्यावर टॉवर कूलर, आरटीएक्स ४०८० सुपर ग्राफिक्स कार्ड आणि ८५० वॉटचा, एसएफएक्स म्हणजे छोट्या मापाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). रेंडर लावलं की प्रोसेसर ९५ डिग्रीला जाऊन बसतो, कार्डाचे पंखे घर डोक्यावर घेतात आणि त्याच खोलीतून क्लायंटचे कॉल चालतात. कस्टम वॉटर कूलिंग केलं, म्हणजे सुटे भाग जोडून पाणी फिरवणारा लूप बसवला, तर तापमान किती उतरेल आणि कोणता किट घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात स्टुडिओंसाठी आणि आर्किटेक्ट मंडळींसाठी वर्कस्टेशन बांधून देतो, त्यातली बरीच अशाच छोट्या कॅबिनेटमधली असतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्यात. ९५ डिग्री ही एक आणि आवाज ही दुसरी. पहिलीवर पाण्याचा उपाय फारसा लागू पडत नाही. दुसरीवर पडतो, पण रेडिएटरला, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या भागाला, पुरेशी जागा आणि ताजी हवा देता आली तरच. छोट्या कॅबिनेटमध्ये घोडं अडतं ते नेमकं तिथेच.

आधी ९५ चं बघू. एएमडीने ७९५०एक्स बनवलाच असा आहे की २३० वॉटची मर्यादा किंवा ९५ डिग्री, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत तो स्वतःला ताणतो. तुम्ही त्याला जास्त थंड केलं की तो थोडा आणखी वेग घेतो आणि पुन्हा ९५ च्या आसपास येऊन बसतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये ३६० चा, म्हणजे १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांएवढा रेडिएटर लावूनही सगळे १६ कोअर राबवले की हा प्रोसेसर नव्वदीच्या घरात दिसतो. याचं कारण कूलरमध्ये नाही, चिपच्या रचनेत आहे. उष्णता निर्माण होते ती मुख्यतः दोन चिमुकल्या चिपलेटमध्ये, प्रत्येकी साधारण ७० चौरस मिलिमीटरच्या. वर जाड धातूचं झाकण. एएम४ या आधीच्या सॉकेटचे कूलर बसावेत म्हणून एएमडीने ते झाकण जाड ठेवलं. एवढ्याशा जागेतून, एवढ्या जाड धातूतून उष्णता वर यायलाच वेळ लागतो. झाकणाच्या वर पाणी आहे की हवा, याने फरक पडतो, पण तुम्हाला वाटतोय तेवढा नाही. ‘पाणी लावलं की तीस डिग्री उतरतील’ ही अपेक्षा या प्रोसेसरकडून ठेवू नका.

कार्डाची गोष्ट उलटी. तिथे ३२० वॉट आहेत, म्हणजे प्रोसेसरपेक्षा जास्त, पण चिप मोठी आहे, जवळपास ३८० चौरस मिलिमीटर, आणि वर झाकण नाही. वॉटर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा, थेट सिलिकॉनवर बसतो. चांगल्या ब्लॉकखाली कार्डाचा कोअर पाण्याच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा डिग्रीच वर राहतो. कार्डाचे तिन्ही पंखे जातात, म्हणजे तुमचा आवाजही जातो. त्यामुळे कोणी मला छोट्या वर्कस्टेशनमध्ये पाणी लावायचंय म्हणालं की मी विचारतो, कार्डासाठी की प्रोसेसरसाठी? फक्त प्रोसेसरसाठी कस्टम लूप करायचा असेल तर माझा सल्ला स्पष्ट ‘नको’ असा असतो. एनआर२००पीच्या बाजूच्या ब्रॅकेटवर २८० चा (१४० च्या दोन पंख्यांचा) तयार एआयओ, म्हणजे पाणी भरून सीलबंदच येणारा कूलर बसतो, त्यात ते काम भागतं आणि निम्म्याहून कमी खर्चात भागतं.

आता ज्या हिशेबावर सगळं अवलंबून आहे तो. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ते हमालासारखं ओझं इथून उचलून तिथे टाकतं. टाकायची जागा म्हणजे रेडिएटर, आणि रेडिएटर ती टाकतो तुमच्या खोलीच्या हवेत. म्हणजे पाणी कधीच खोलीच्या तापमानाखाली जाणार नाही. खोली ३६ डिग्री असेल तर तुमची सुरुवातच ३६ पासून. पुण्यात डिसेंबरमध्ये बांधलेल्या लूपचे आकडे बघून नागपूरच्या मे महिन्याचा अंदाज बांधू नका.

बारीक जाडीच्या रेडिएटरसाठी मी ठोकताळा असा धरतो. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा भाग, पंखा शांत म्हणजे ८०० आरपीएमच्या आसपास फिरत असेल, तर पाणी हवेपेक्षा दहा डिग्री जास्त असताना साधारण ५० वॉट बाहेर टाकतो. पंखा १३०० ला नेला तर ८० च्या आसपास. तुमच्या कॅबिनेटमध्ये बाजूला २८० आणि तळाला २४० चा बारीक रेडिएटर बसवला, तर दोन्ही मिळून १२० चे पावणेपाच भाग होतात. १४० चा पंखा मोठा असतो, म्हणून पावणेपाच.

प्रोसेसरचे २३० आणि कार्डाचे ३२०, मिळून ५५० वॉट. १३०० आरपीएमला पाणी खोलीपेक्षा पंधराएक डिग्री वर जाईल, म्हणजे ३६ च्या खोलीत ५१. हे चालण्यासारखं आहे, पण चार-पाच पंखे १३०० ला फिरताना शांतता राहत नाही. शांत हवं म्हणून ८०० ला आणलं की फरक तेवीस डिग्रीवर जातो आणि पाणी ५९. डी५ असो की डीडीसी, लूपमधलं पाणी फिरवणाऱ्या या पंपांची मर्यादा ६० डिग्री. पीईटीजी प्लास्टिकचा कडक पाइपही याच सुमारास मऊ पडायला लागतो आणि फिटिंगमधून निसटू शकतो. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात, पूर्ण भारावर, शांत पंख्यांनिशी तुम्ही बरोबर कड्याच्या टोकावर उभे असाल. शिवाय कॅबिनेटची जाळी आणि धुळीचा फिल्टर हवा अडवतात, तो तोटा मी यात धरलेलाच नाही.

मात्र एक प्रश्न उरतो, ज्याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी खरंच पूर्ण भारावर असतात का? व्ही-रे किंवा सायकल्स हे रेंडरर कार्डावर चालवत असाल तर प्रोसेसर बराच निवांत असतो. कोरोना रेंडरर वापरत असाल तर काम प्रोसेसरवर आणि कार्ड जवळपास रिकामं. दोन्ही एकदम राबतात ते व्ही-रेला हायब्रिड मोडमध्ये चालवलं तर, किंवा मागे रेंडर लावून पुढे दुसऱ्या फाइलवर काम केलं तर. यावर तुमचं बजेट ५५० वॉटचं आहे की ३५० चं, हे ठरतं. हे माहीत नसताना रेडिएटर निवडणं म्हणजे अंदाजपंचे.

म्हणून पैसे घालण्याआधी एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वीज दाखवणारा प्रोग्रॅम उतरवून घ्या आणि नेहमीचा एखादा जड सीन तासभर रेंडर करा. सीपीयू पॅकेज पॉवर, जीपीयू पॉवर, जीपीयूचं नेहमीचं तापमान आणि हॉट स्पॉट (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं तापमान), एसएसडीचं तापमान, रॅमचं तापमान, एवढे आकडे लॉगमध्ये ठेवा. शेजारी साधा थर्मामीटर ठेवून खोलीचं तापमानही लिहा, त्यावाचून बाकी आकड्यांना अर्थ नाही. कार्डाचं तापमान आणि हॉट स्पॉट यात पंचवीसच्या वर फरक दिसला तर दोष बहुधा थर्मल पेस्टमध्ये, म्हणजे चिप आणि कूलर यांच्यामधल्या लेपात आहे. चिपवरची पेस्ट तापून-निवून कडेला सरकते. तिथे हनीवेलचं पीटीएम७९५० सारखं फेज-चेंज (तापल्यावर मऊ होऊन पसरणारं) पॅड लावलं की काही वेळा एवढ्यानेच पंखे खाली येतात आणि लूपचा विषय निघतच नाही.

मग मदरबोर्डाच्या बायोसमध्ये प्रोसेसरची वीज कमी ठेवणारा इको मोड लावून बघा. ‘१०५ वॉट’ नावाचा पर्याय निवडला की ७९५०एक्सची मर्यादा २३० वरून १४२ वॉटवर येते. वीज एवढी कमी होऊनही रेंडरचा वेग दहा टक्क्यांच्या आतच घटतो, कारण शेवटच्या शे-दोनशे मेगाहर्ट्‌झसाठी हा प्रोसेसर वाट्टेल तेवढी वीज पितो. कार्डावर आफ्टरबर्नर या प्रोग्रॅमने पॉवर लिमिट ८० टक्के करा, म्हणजे साधारण २५५ वॉट. बहुतेक सीनमध्ये वेगातला फरक घड्याळ लावूनच कळतो. बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रोसेसरचं व्होल्टेज खाली ओढायचा मोह होईल, पण कामाच्या मशीनवर मी तिथे हात आखडता घेतो. गेम क्रॅश झाला तर गेम क्रॅश झाला. रात्रभराच्या अॅनिमेशनमध्ये मधल्याच कुठल्यातरी फ्रेमवर काळे ठिपके आले, तर ते क्लायंटच्या नजरेला आधी पडतात.

या दोन बदलांनी ५५० चे चारशेच्या आत येतात. माझ्याकडे पाण्यासाठी म्हणून येणाऱ्या बऱ्याच छोट्या मशीन इथेच समाधानी होऊन परत जातात. वर छताला दोन १२० चे पंखे हवा बाहेर फेकणारे, तळाला दोन आत घेणारे, कॅबिनेट टेबलावर उचलून ठेवलेलं, एवढं असलं की उरलेलाही आवाज बसतो. कॅबिनेट भिंतीला चिकटलेलं किंवा टेबलाच्या कप्प्यात सरकवलेलं असेल, तर आधी ते बाहेर काढा. हे वाचून हसाल, पण मी अशी मशीनं पाहिली आहेत.

हे करूनही आवाज सहन होत नसेल, किंवा तुम्हाला पूर्ण ३२० वॉट हवेतच, तर लूप करा. पण मी तुमच्या जागी असतो तर रेडिएटर कॅबिनेटच्या आत कोंबला नसता, बाहेर ठेवला असता. जर्मनीच्या वॉटरकूल कंपनीचा मो-रा हा प्रकार बघा. ३६० च्या मॉडेलला १२० चे नऊ पंखे लागतात, ४२० च्या मॉडेलला १४० चे नऊ. वरचाच ठोकताळा लावला तर ३६० चा मो-रा ८०० आरपीएमला दहा डिग्रीच्या फरकात ४५० वॉट टाकतो. मर्यादा घातलेल्या चारशे वॉटला पाणी खोलीपेक्षा नऊएक डिग्रीच वर, आणि पंखे फिरताहेत हे कानाला कळतही नाही. तो टेबलाखाली किंवा भिंतीला टांगायचा, दोन नळ्या कॅबिनेटच्या मागून आणायच्या आणि मध्ये क्विक डिसकनेक्ट घालायचे. हे कनेक्टर ओढले की दोन्ही बाजूंनी आपोआप बंद होतात, थेंब-दोन थेंबच सांडतात. मशीन साइटवर न्यायची झाली तर मात्र रेडिएटरही बरोबर न्यावा लागतो, ही या पद्धतीची अडचण. तुम्ही लॅपटॉपऐवजी छोटं कॅबिनेट कशासाठी घेतलंय, टेबलावर जागा नाही म्हणून की उचलून नेता यावं म्हणून, यावर हा निर्णय अवलंबून आहे.

रेडिएटर बाहेरच ठेवायचा तर थेट बाल्कनीत का नाही, हा पुढचा प्रश्न मला जवळपास प्रत्येक जण विचारतो. नागपूरला मे महिन्यात दुपारी बाल्कनीत ४४-४५ डिग्री असतात, खोलीपेक्षा जास्त. मग लूपचा पायाच वर जातो. धूळ वेगळी. आणि डिसेंबरच्या रात्री उलटा प्रकार. बाहेर गारठा, आत उबदार दमट हवा, मशीन निवांत. अशा वेळी पाणी खोलीपेक्षा थंड होऊन ब्लॉकवर दव धरू शकतं. रेडिएटर खोलीत असेल तर ही भीती अजिबात नाही, पावसाळ्यातही नाही, कारण पाणी नेहमी खोलीच्या हवेपेक्षा गरमच असतं. पावसाळ्यात ‘दमट हवेने शॉर्ट होईल’ म्हणून लूप टाळणारे भेटतात, त्यांनी निर्धास्त राहावं.

विदर्भात एक गोष्ट मात्र सांभाळायला लागते, ती म्हणजे डेझर्ट कूलर. खोलीचं तापमान तो छान खाली आणतो, त्याचा फायदा लूपलाही मिळतो. पण त्याच्या झोताच्या समोर मशीन किंवा रेडिएटर ठेवू नका. झोताबरोबर बारीक थेंब उडतात, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर पात्यांवर बसतो आणि त्यावर धूळ घट्ट चिकटते. नुसती धूळ ब्लोअरने उडते, हा थर उडत नाही. आणि कूलर चालू असताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर तासाभरात हवा दमट होऊन कूलर थंड करणंच सोडून देतो आणि रेंडरच्या मध्यावर खोली तापते.

एसी असेल तर हिशेब वेगळा. चारशे-पाचशे वॉट खोलीत पडतात, ते एसीलाच उपसावे लागतात. एक टनाचा एसी साधारण साडेतीन हजार वॉट उपसतो, म्हणजे तुमचं मशीन त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याचं गिऱ्हाईक. वॉटर कूलिंगने खोली थंड राहते, असं काही जण मानतात. खोलीत पडणारी उष्णता तेवढीच राहते, लूप कितीही महागडा असो. रात्री रेंडर लावून एसी बंद करून झोपलात, तर पहाटेचे आकडे संध्याकाळच्या आकड्यांपेक्षा वाईट असणार, हे गृहीत धरा.

आता लूप करायचाच ठरवलात तर किटचं. बहुतेक तयार किट मोठ्या कॅबिनेटचा विचार करून बनवलेले असतात. त्यातला पंप आणि टाकी एनआर२००पीत बसत नाही, आणि बरोबरच्या पारदर्शक नळ्यांना तीव्र वळण देता येत नाही. सुटे भाग घ्या.

सर्वांत आधी कार्डाचा ब्लॉक शोधा, बाकी सगळं नंतर. ब्लॉक ‘४०८० सुपर’साठी नसतो, तो एका ठरावीक कंपनीच्या ठरावीक पीसीबीसाठी, म्हणजे कार्डाच्या सर्किट बोर्डासाठी असतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे बोर्ड वेगळे असतात, आणि कधी कधी एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांचेही. कार्डाच्या मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर उतरवून घ्या आणि ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत तोच नंबर शोधा. अल्फाकूल आणि बायक्स्की यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांचे ब्लॉक बऱ्यापैकी मिळतात. तुमच्या कार्डाला ब्लॉकच नसेल तर विषय तिथेच मिटला. वॉरंटीचंही आधीच विचारा. काही कंपन्या कूलर काढलेला चालवून घेतात, काही स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की हात वर करतात. वितरकाकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरचं ‘हो चालेल’ उपयोगाचं नसतं.

ब्लॉकची रुंदी नीट बघा. कार्ड जाडीला कमी होतं, पण फिटिंगचा भाग पीसीबीच्या कडेबाहेर येतो. त्यापुढे १२ व्होल्टच्या सोळा पिनी कनेक्टरची केबल, जी कनेक्टरपासून निदान साडेतीन सेंटिमीटर सरळ जायला हवी, लगेच मुरडली की पिनांचा संपर्क ढिला होऊन कनेक्टर वितळण्याचा धोका. बाजूला २८० चा रेडिएटर लावायचा बेत असेल तर हे सगळं त्याच्या टाकीला आणि पंख्यांना भिडतं. मी पुठ्ठ्याचे तुकडे रेडिएटर आणि पंख्यांच्या मापाने कापून आत उभे करून बघतो. ड्रॉइंगवर पाच मिलिमीटर मोकळे दिसतात आणि प्रत्यक्षात तिथून एसएमपीएसची केबल जात असते.

पंप डीडीसी जातीचा घ्या, तो लहान असतो. पण तो स्वतः बुडाकडून तापतो, त्याच्या खालून थोडी हवा खेळू द्या, फोमवर दाबून बसवू नका. पंपाच्या वेगाची तार बोर्डाच्या सीपीयू फॅन हेडरला जोडा म्हणजे पंप बंद पडला तर बायोस आरडाओरडा करेल. लहान लूपमध्ये पाणी जेमतेम अर्धा लिटर असतं. पूर्ण भारावर रेडिएटरचे पंखे थांबले तर पाणी मिनिटाला आठ-दहा डिग्रीने चढतं, म्हणजे तुमच्या हातात दोन-तीन मिनिटंच असतात. पंप थांबला तर तेवढीही नाहीत.

म्हणूनच पाण्यात बुडणारा तापमान सेन्सर मी सक्तीचा मानतो. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठेवलात तर फाइल उघडली तरी पंखे उसळतील, कारण ७९५०एक्सचं तापमान सेकंदात तीस डिग्री उडी मारतं. पाणी सावकाश चढतं, सावकाश उतरतं. पंखे पाण्याच्या तापमानावर बांधले की आवाज एकसारखा राहतो, आणि एकसारखा आवाज कानाला बोचत नाही. बऱ्याच आयटीएक्स, म्हणजे सर्वांत छोट्या मापाच्या मदरबोर्डांवर सेन्सरची जागा नसते. मग अॅक्वा कॉम्प्युटरच्या क्वाड्रोसारखा वेगळा कंट्रोलर लागतो. तो एसएमपीएसच्या मागे चिकटवता येतो.

नळी काळ्या ईपीडीएम रबराची घ्या, १०/१६ मापाची (आतला आणि बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये), आणि जागा फारच तंग असेल तर १०/१३. दिसायला सायकलच्या दुकानातली वाटते, पण ती वळते, पाणी उडू देत नाही, आणि पारदर्शक पीव्हीसीसारखं प्लास्टिसायझर सोडून ब्लॉकच्या बारीक खाचा चिकट करत नाही. काचेच्या पॅनेलमागे कडक पाइप सुंदर दिसतो हे मान्य, पण कामाच्या मशीनमध्ये एक रॅम बदलायला अर्धा लूप उतरवावा लागतो, तेव्हा सौंदर्य विसरायला होतं. फिटिंग्जचा खर्च कोणी धरत नाही. प्रोसेसर, कार्ड, पंप आणि दोन रेडिएटर म्हणजे दहा फिटिंग, वर छोट्या जागेत लागणारे नव्वद अंशांचे सहा-आठ कोन, आणि पाणी काढायची तोटी. ते सगळं मिळून एका चांगल्या रेडिएटरच्या पुढे सहज जातं.

आधी प्रोसेसर की आधी कार्ड, या क्रमावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. मिनिटाला एक लिटर पाणी एक डिग्री तापताना साधारण ७० वॉट उचलतं. तीन लिटरचा प्रवाह असेल तर ५५० वॉटमुळे लूपमधल्या सर्वांत गरम आणि सर्वांत थंड जागेत अडीच डिग्रीचाच फरक पडतो. नळी जिथून आखूड आणि न मुरडता जाते तोच क्रम बरोबर. फक्त टाकी पंपाच्या आधी आणि वर हवी.

धातूंची भेसळ करू नका. तांबं, पितळ, निकेलचा मुलामा, हे एकत्र चालतं. अॅल्युमिनियम त्यात शिरलं की गंजायला सुरुवात होते. जुन्या एआयओचा रेडिएटर कापून वापरण्याची आयडिया यूट्यूबवर दिसेल. ते रेडिएटर बहुतेक अॅल्युमिनियमचेच असतात. पाण्यासाठी तयार कूलंट घ्या, साधा, पारदर्शक. दुधट रंगांचे कूलंट फोटोपुरते, त्यातला गाळ खाचांमध्ये बसतो. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार उरतातच. बॅटरी वॉटरच्या बाटलीवर डिस्टिल्ड लिहिलेलं असतं, पण आत काय निघेल ते दुकानागणिक बदलतं. लॅबला रसायनं पुरवणाऱ्याकडून सीलबंद डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात गंजरोधक आणि बुरशीनाशक असलेलं कॉन्सन्ट्रेट बाटलीवरच्या प्रमाणात मिसळलं तर उत्तम.

पाणी भरण्याआधी हवेने चाचणी. छोटा हातपंप आणि गेज असलेला लीक टेस्टर मिळतो. अर्ध्या बारपर्यंत दाब द्या आणि अर्धा तास काटा बघा. काटा हलला नाही तर पाणी. काटा उतरला तर साबणाच्या पाण्याचा बोळा एकेका फिटिंगला लावा, पण मग बोर्ड बाहेर काढून. भरताना एसएमपीएसची चोवीस पिनी केबल बोर्डापासून काढा, बोर्डाशिवाय एसएमपीएस सुरू करणारा तयार जंपर लावा, आणि वीज फक्त पंपाला मिळेल असं बघा. कार्ड, प्रोसेसर, एसएसडी, कशालाच वीज नको. पंप कोरडा फिरू देऊ नका. टाकी भरायची, दोन-तीन सेकंद चालवायचा, बंद, पुन्हा भरायची. रेडिएटरमधली हवा काढायला कॅबिनेट चारही बाजूंना तिरकं करावं लागतं. खालच्या रेडिएटरची हवा हट्टी असते. टाकीत बुडबुडे येणं थांबलं आणि पाण्याची रेघ स्थिर झाली की झालं.

आणि एक गोष्ट, जी लूपच्या उत्साहात निसटते. तुमचा टॉवर कूलर फक्त प्रोसेसरच थंड करत नाही. त्याचा वारा बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर), रॅमवर आणि वरच्या एसएसडीवर लागत असतो. ब्लॉक लावला की तो वारा गेला. डीडीआर५ ८५ डिग्रीच्या वर गेली की तिला दुप्पट वेळा रिफ्रेश करावं लागतं, आणि एसएसडी तापून मंदावला की मोठा सीन उघडायलाच वेळ खातो. त्यात आयटीएक्स बोर्डावर दुसरा एम.२ स्लॉट बहुधा पाठीमागे असतो, ट्रे आणि बोर्ड यांच्या मधल्या फटीत, जिथे हवा पोचतच नाही. तुमच्या प्रोजेक्ट फाइल्सचा एसएसडी तिथे असेल तर त्याला जाड थर्मल पॅडने ट्रेच्या पत्र्याला टेकवा. पत्राच हीटसिंकचं काम करतो. रेडिएटर आत बसवणार असाल तर निदान वरचे दोन पंखे हवा बाहेर काढणारे हवेतच, नाहीतर दोन्ही रेडिएटरमधून तापून आलेली हवा आतच घोटाळते.

देखभालीचं म्हणाल तर रेडिएटरची धूळ दर महिन्याला, नागपूरच्या उन्हाळ्यात पंधरवड्याला. कूलंट वर्ष-दीड वर्षाने. त्या दिवशी मशीन बंद राहणार, म्हणून डेडलाइनच्या आठवड्यात हात लावू नका. क्विक डिसकनेक्ट असतील तर काम दुपारभराचं, नसतील तर संध्याकाळही त्यातच जाते.

कार्डाचा मूळ कूलर, त्याचे पंखे, बॅकप्लेट आणि प्रत्येक स्क्रू एका डब्यात, वर कार्डाचा सीरियल नंबर लिहून ठेवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, ते कागदावर कार्डाचं चित्र काढून त्या-त्या जागी चिकटवून ठेवलेले बरे. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पीसीबीच्या पलीकडच्या भागाला लागतो. वॉरंटीला पाठवायचं किंवा पुढे कार्ड विकायचं झालं की हा डबाच लागतो. विकत घेणारा सगळ्यात आधी मूळ कूलरच मागतो, ब्लॉकची किंमत तो धरत नाही.

एचडब्ल्यूइन्फोचे आकडे आणि कार्डाचा पार्ट नंबर मिळाला की कोणता ब्लॉक आणि कोणता रेडिएटर ते नावानिशी सांगतो.